डावा पीळ

सकाळचे साडेआठ म्हणजे त्या घरात कुणी कुणाचं ऐकण्याची वेळ नव्हे. गॅसवर दूध वर येऊ का नको करत होतं, नळाखाली बादली भरत होती आणि वेणीताईचे यजमान चष्मा शोधत तिन्ही खोल्यांतून येरझाऱ्या घालत होते. यजमान छापखान्यात मुद्रितं तपासायचे. जगाच्या काना-मात्रा-वेलांट्या सुधारणारा हा माणूस, पण स्वतःच्याच कपाळावर चढवलेला चष्मा काही त्यांना सापडत नव्हता. वेणीताईनं तो केव्हाच पाहिला होता. ती खिडकीपाशी बसून कुणाच्या तरी पॅंटची मोडकी झिप उसवत होती आणि आज आपण होऊन सांगायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. लग्नाला तीस वर्षं झाली की करमणूक अशी घरातल्या घरातच शोधावी लागते.

तेवढ्यात दार वाजलं.

दाराला बेल नव्हती. म्हणजे बटण होतं, पण त्याच्या मागची वायर वेणीताईनं स्वतःच्या हातानं कापून टाकलेली. त्या घरात विजेची अशी बरीच कापाकाप झाली होती. घराबाहेर पडताना ती मेन स्विच पाडून जायची, फ्रिजसकट. आपल्या घरात बर्फ बघायचा असेल तर कुणीतरी आजारी पडून घरी बसायला हवं, असं यजमान म्हणायचे. नव्या माणसाला हा विक्षिप्तपणा वाटे. जुन्यांना कारण माहीत होतं; ते विषय बदलायचे.

दारात एक उंच, पाठीत वाकलेले गृहस्थ उभे होते आणि त्यांच्या खांद्याआडून एक ठेंगण्या बाई डोकावत होत्या. दोघांचेही कपडे चुरगळलेले, चेहरे न झोपल्यासारखे. गृहस्थ शाळामास्तर होते, नुकतेच निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर नवराबायकोनं एक जुनी घरगाडी घेतली होती. घरगाडी म्हणजे आत पलंग, ओटा, मोरी, नळ, दिवे असं सगळं घरच असलेली मोटार. आयुष्यभर एका फळ्यासमोर उभं राहून झालं, आता जरा फिरू, असा त्यांचा बेत. पण गाडीतली वीज त्यांना काही फिरू देईना. घराची बॅटरी रोज सकाळी मेलेली. नळाचा पंप चालू केला की दिवे डोळे मिटल्यासारखे मंद व्हायचे. चार मिस्त्री झाले. एकानं बॅटरी बदलली, दुसऱ्यानं पंप बदलला, तिसऱ्यानं पुन्हा बॅटरी बदलली, चौथा तर गाडीच बदला म्हणाला. काल गाडी याच रस्त्याच्या टोकाला येऊन थांबली होती, आणि कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्यानं सांगितलं होतं की गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या एक ताई इथं राहतात.

"करायची," वेणीताई म्हणाली. "आता मी कपडे दुरुस्त करते."

आत दूध उतू गेलं. ती वळली, आणि तिला वाटलं, सुटले.

एवढ्याशा नकारामागं काय होतं, ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

वेणीताईच्या वडिलांचा गाड्यांच्या बॉडी बांधायचा कारखाना होता. शाळा सुटली की ही पोर दप्तर तिथंच टाकायची. मोठा भाऊ, ज्याला ती दादा म्हणायची, तो पत्रा आणि लाकूडकाम शिकला, आणि हिच्याकडं वायरिंग आलं. हात बारीक. जिथं बाप्यांचा पंजा शिरायचा नाही तिथं हिचा कोपरापर्यंत जायचा. सगळे लोक वायरींची जुडी करून पट्टी गुंडाळायचे; हिनं एक दिवस तीन-तीन वायरी घेऊन त्यांची तिपेडी वेणी घातली, स्वतःच्या केसांची घालावी तशी. वेणी घातलेली वायर गाडीच्या हादऱ्यांनी घासत नाही, सुटी होऊन पत्र्याला चाटत नाही, हे वडिलांच्या लगेच लक्षात आलं. कारखान्यातल्या माणसांच्या लक्षात मात्र फक्त नाव राहिलं. तेव्हापासून ती वेणीताई. प्रत्येक वेणीला ती शिवायच्या दोऱ्याच्या गाठी मारायची. एक गाठ दिव्यांची, दोन पंपाची, तीन फ्रिजची. पुढं कुणाला काही शोधायचं झालं तर चाचपूनही कळावं.

आणि ती डावखुरी होती. दोन वायरींची टोकं जोडताना सगळं जग उजवीकडं पीळ देतं, हिचा पीळ डावीकडं जायचा. वडील हसायचे. म्हणायचे, "तुझ्या कामावर सही करायला नको. कुणीही उघडून बघितलं तरी कळेल, उलट्या पोरीनं केलंय."

वडील गेले ते दोघा भावंडांचे हात एकमेकांच्या हातात देऊनच. शेवटच्या आठवड्यात दवाखान्याच्या खाटेवरून त्यांनी दादाला एकच सांगितलं होतं: वायरिंग तिच्याकडंच राहू दे. दादा हो म्हणाला होता. त्यानंतर सहा वर्षं तसंच चाललं, आणि चांगलं चाललं. त्या दोघांनी बांधलेली पहिली घरगाडी, पांढरी, मधोमध निळा पट्टा असलेली, कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडली तेव्हा वेणीताई फाटकाला टेकून ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली होती.

मग अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी दादा तिच्या घरी आला आणि चपलाही न काढता उंबऱ्याशी बसला. ती घरगाडी हमरस्त्यावर जळाली म्हणाला. मागच्या कपाटातून आग निघाली, तिथंच कुठंतरी जोड सुटला असणार. मालकाची म्हातारी आई आत पडली होती, तिचे दोन्ही हात भाजले. "तुला कुणी काही म्हणत नाहीये," तो तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "मी सांभाळून घेतलंय सगळं."

तिनं गाडी बघायला मागितली नाही. दादा सांगतोय म्हटल्यावर बघायचं काय. ती दोन दिवस जेवली नाही, तिसऱ्या दिवशी बसून त्या म्हातारीला एक पत्र लिहिलं, चार वेळा फाडून पाचव्यांदा. स्वतः जायचा धीर होईना, म्हणून दादाकडंच दिलं. दादा संध्याकाळी परत आला आणि म्हणाला की आजींनी वाचून घेतलं, आणि म्हणाल्या, पोरीला सांगा, मनाला लावून घेऊ नकोस. त्या एका वाक्याच्या आधारावर ती अकरा वर्षं जगली होती. हत्यारं तिनं वाटून टाकली. कारखान्यात पाऊल ठेवलं नाही. लेकीला विजेचं शिक्षण घ्यायचं होतं, तिला अक्षरशः हात जोडून अडवलं, आपल्या हाताला ती गोष्ट लाभत नाही म्हणून. लेक आता दुसऱ्या गावी वाचनालयात नोकरी करते. फोन रोज करते, पण त्या विषयावर गप्प.

तर हे असं होतं. म्हणून ती दूध पुसत बसली, आणि मास्तर दारातच घुटमळत राहिले. मग मास्तरीणबाई पुढं झाल्या. त्यांच्या हातात कापडी पिशवीत गुंडाळलेला एक डबा होता.

"माझी इंजेक्शनं आहेत," त्या म्हणाल्या. "थंडीत ठेवावी लागतात. ती तेवढी तुमच्या फ्रिजमध्ये ठेवाल का? आम्ही बघू मग काय ते."

वेणीताईनं डबा घेतला. फ्रिजमध्ये ठेवला. दार लावलं आणि हात तसाच दारावर राहिला.

"जा की," यजमान म्हणाले. चष्मा त्यांना एव्हाना सापडला होता; कुठं होता हे मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही. "हात लावू नकोस हवं तर. नुसतं तोंडानं सांग, मास्तर करतील."

हे तिला पटलं. हात लावायचा नाही, या बोलीवर ती निघाली. मेन स्विच मात्र आज तिनं पाडला नाही; फ्रिजमध्ये तो डबा होता.

घरगाडी रस्त्याच्या टोकाला भिंतीलगत उभी होती. मातकट रंगाची, ठिकठिकाणी पोपडे आलेली. आत फुलाफुलांचे पडदे, नवा गुळगुळीत ओटा, मागची खिडकी मोठी केलेली. वेणीताईनं फारसं निरखलं नाही. मास्तरांकडं सामानाची मोठी पेटी होती, आणि पेटीतल्या निम्म्या वस्तूंची अजून वेष्टनंसुद्धा निघाली नव्हती. तिनं त्यातून एक लहानसा बल्ब आणि दोन वायरी काढायला सांगितलं. मास्तर वायर सोलू लागले, ती सोलेना. सुरीनं तुटली. दुसरी घेतली, तीही तुटली. तिसऱ्या वेळेला वेणीताईनं ती त्यांच्या हातातून ओढून घेतली आणि दातांनी चर्रकन सोलली. हात न लावण्याची बोली तिथं संपली.

घरगाडीला दोन बॅटऱ्या असतात, एक इंजिनाची आणि एक घराची. घराची बॅटरी पायरीजवळच्या कप्प्यात होती. तिनं आधी थोडा वेळ इंजिन चालवायला लावून तिच्यात जरा जीव आणला, मग आतली सगळी बटणं बंद करवली, बॅटरीच्या ऋण टोकाची जाड वायर सोडवली, आणि टोक व वायर यांच्यामध्ये तो बल्ब धरला. सगळंच बंद असेल तर बल्ब पेटायला नको. पण पेटला. मिणमिणता, पण पेटला. म्हणजे आत कुणीतरी चोरून वीज पीत होतं.

"आता आत जाऊन एकेक फ्यूज काढा," तिनं मास्तरांना सांगितलं. "काढला की नंबर सांगा. मी इथून बल्ब बघते. विझला की चोर सापडला."

मास्तरांना हे फार आवडलं. ते हजेरी घेतल्यासारखे आतून पुकारू लागले.

"एक."

"हजर," ती बाहेरून म्हणाली. बल्ब पेटलेलाच होता.

"दोन."

"हजर."

मास्तरीणबाई पायरीवर बसून हसत होत्या. सहाव्यापर्यंत सगळे हजर होते. सातवा काढला आणि वेणीताईच्या हातातला बल्ब टपकन विझला.

"सातवा गैरहजर," ती म्हणाली, आणि किती दिवसांनी आपण हसतोय, असं तिला वाटलं.

सातव्या फ्यूजवर मागचे दिवे होते. मास्तर शपथेवर सांगत होते की मागचा एकूण एक दिवा बंद आहे. तिनं बॅटरीची वायर आणि फ्यूज पुन्हा जागेवर लावून घेतले आणि पलंगाच्या वरच्या कपाटाचं दार उघडलं. आतला छोटा दिवा लागलेला होता. लागणारच, दार उघडलं की लागायचा तो. तिनं फ्यूज काढायला लावला, दिवा गार होऊ दिला, मग फ्यूज बसवून दार पाच मिनिटं बंद ठेवलं आणि नुसता हात आत सरकवून काचेला बोट लावलं. गरम. दार लागलं की एक बटण दाबलं जाऊन तो दिवा विझायला हवा. पण लाकूड आकसलं होतं आणि दार बटणापर्यंत पोचतच नव्हतं. बंद कपाटात तो दिवा रात्रंदिवस जळत होता, कपड्यांच्या घड्यांना उजेड दाखवत. अशी गंमत की चार मिस्त्र्यांनी कपाट उघडून बघितलं असणार, आणि प्रत्येकानं उघडल्यावरच बघितलं.

उपाय सोपा होता. बटणाखाली एक पातळ चकती सारली की झालं. त्यासाठी कपाटाची मागची फळी काढायला हवी होती. चार स्क्रू. तिनं फळी काढली आणि अंधारात हात घातला.

आधी ओळखलं ते बोटांनीच. तीन वायरी, एकीवरून एक, एकीखालून एक. मग दोऱ्याची गाठ. एकच गाठ. दिव्यांची.

तिनं हात बाहेर काढला नाही. स्वतःला समजावलं की वेणी काय, कुणालाही घालता येते. आपल्या हाताखाली दोघं-चौघं तयार झाले होते, त्यांनी पुढं कुठं घातली असेल. मास्तरांकडून विजेरी मागून घेतली. जोडावरची चिकटपट्टी नखानं उकलली. आत तांब्याचा पीळ होता. डावीकडं जाणारा.

वरच्या फळीवर पेन्सिलीनं एक बाण काढलेला होता, आणि बाणाशेजारी 'इथून' असं लिहिलेलं. तिचं अक्षर.

मागच्या कपाटातून आग निघाली होती. तिथंच. ती विजेरी घेऊन इंच इंच बघत राहिली. काजळीचा ठिपका शोधत होती, करपलेल्या रबराचा वास शोधत होती. नाक लावून हुंगलंसुद्धा. लाकूड कोरं होतं. वायरींची कातडी अजून मऊ होती. काहीही, कधीही, कुठंही जळलं नव्हतं.

मास्तरीणबाईंना तिचा चेहरा दिसला आणि त्यांनी पाणी आणलं. ती प्यायली नाही. तिनं गाडीची कागदपत्रं मागितली. मास्तर शिस्तीचे, कागद फाइलमध्ये क्रमवार लावलेले. पहिल्या मालकाचं नाव वाचून तिनं मान हलवली, तेच. त्याच्याच नावावर गाडी आणखी सात वर्षं होती. मधल्या पानावर रंगबदलाची नोंद होती. पांढऱ्याचा मातकट. तारीख बघितली. दादा उंबऱ्याशी येऊन बसला, त्यानंतर बरोब्बर पंधराव्या दिवसाची.

केसानं गळा कापणं म्हणतात ते असं असतं. कापताना डोक्यावर हात असतो, म्हणून कळत नाही.

तिला खरं तर तिथंच बसून राहायचं होतं. पण दुसरी तक्रार बाकी होती, आणि अर्धं काम टाकून उठणं तिच्या स्वभावात नव्हतं. पंप लावला की दिवे मंद होतात, म्हणजे विजेला परतीची वाट नीट मिळत नाही. गाडीत ही परतीची वाट म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडाच. बॅटरीची एक पट्टी त्याला बोल्टनं आवळलेली असते, त्याला कारखान्यात 'अर्थ' म्हणत. वडिलांचा त्यावर ठरलेला विनोद होता. कुणी गाडीचं रडगाणं घेऊन आलं की विचारायचे, "अर्थ लागतोय का बघितलंत?"

ती जुनी चादर पसरून गाडीखाली शिरली. मागच्या चाकाशेजारी बोल्ट सापडला, आणि बाहेरून अगदी घट्ट होता. म्हणूनच कुणी त्याला हात लावला नसणार. तिनं तो सोडवला. पट्टीच्या खाली, जिथं लोखंडाला लोखंड भिडायला हवं, तिथं रंगाचा जाड थर होता. मातकट. कुणीतरी घाईघाईनं पट्टी काढली होती, सगळ्या सांगाड्यावर रंगाचा हात फिरवला होता आणि रंगावरच पट्टी आवळून टाकली होती. इतकी वर्षं वीज त्या रंगातून कशीबशी वाट काढत होती, आणि खालून गंज चढत गेला तशी तीही वाट बुजत चालली होती.

तिचं काम तसंच होतं, जसं तिनं केलं होतं. बिघडवलं होतं त्या रंगानं. आणि रंग लावला होता तो गाडी लपवायला. एकाच गावात राहायचं, उद्या रस्त्यात निळ्या पट्ट्याची पांढरी गाडी समोरून आली तर ही ओळखेल, म्हणून.

तिनं ब्लेडनं रंग खरवडला. लोखंड चकचकीत दिसेपर्यंत खरवडत राहिली. जरा जास्तच वेळ खरवडलं. पट्टी आवळली, बाहेर आली, आणि मास्तरांना पंप लावायला सांगितलं. नळाला धो धो पाणी आलं. दिवे जसे होते तसे राहिले. मास्तरीणबाईंनी टाळी वाजवली, आणि मास्तरांनी जन्मात कुणा विद्यार्थ्याला दिले नसतील असे शंभरपैकी शंभर दिले.

"चालवून बघायला हवी," वेणीताई म्हणाली. "मी सांगते तिकडं घ्या."

वाटेत ती फक्त वळणं सांगत होती. मास्तरीणबाईंनी विचारलं नाही. काही बायकांना न विचारण्याची कला असते, ती त्यांना होती.

कारखान्याचं फाटक उघडंच होतं. अंगणात एका अर्धवट बांधलेल्या बसचा सांगाडा, पत्र्यांची चळत, वेल्डिंगचा निळा लखलखाट. दादाचा मुलगा, म्हणजे वेणीताईचा भाचा, बसच्या दारात उभा राहून कुणाला तरी मापं सांगत होता. तो आता पस्तिशीचा घरदारवाला माणूस. परगावी वायरिंगचं शिकून तो परत आला, ते बरोबर अकरा वर्षांपूर्वी. ही गोष्ट वेणीताईला आज फाटकातून आत येताना प्रथमच सुचली, इतकी ती बावळट होती. निदान तिला तरी तसं वाटलं.

दादा गुडघे धरत कचेरीतून बाहेर आला. गिऱ्हाईक आलं समजून हसतच आला. मग त्याला गाडी दिसली, आणि गाडीतून उतरणारी बहीण दिसली. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण त्या हसण्यामागचा माणूस निघून गेला. भिंतीशी म्हातारा रंगारी डबा ढवळत बसला होता. त्यानं एकदा गाडीकडं पाहिलं आणि पाठ फिरवून पुन्हा ढवळू लागला, मघापेक्षा जोरात.

"अगं, तू," दादा म्हणाला. "किती वर्षांनी. आत चल, उन्हात कशाला."

"वायरिंग बघून आले," ती म्हणाली. "चांगलं आहे. अर्थावर तेवढा रंग बसला होता, तो काढला."

दादानं मुलाकडं पाहिलं, रंगाऱ्याच्या पाठीकडं पाहिलं. पुन्हा म्हणाला, आत चल, पाणी घे, वहिनीला फोन करतो. ती जागची हलली नाही. मग तो तिथंच पत्र्याच्या चळतीवर टेकला आणि हळू आवाजात बोलू लागला. पुष्कळ बोलला. बाबांनी शब्द घेतला होता. पोरगा शिकून आला होता, त्याला दुसरीकडं नोकरी करायला लावायची का? घरात रोज त्यावरून वाद. तुला निघ म्हणायला जीभ रेटेना. बाबांचा शब्द मोडला असं व्हायला नको होतं.

"म्हणजे मी आपण होऊन जायला हवं होतं," वेणीताई म्हणाली.

"तसंच काही नाही. मला वाटलं, चार दिवस वाईट वाटेल, मग विसरशील. संसार होता तुझा. एवढं मनाला लावून घेशील हे मला काय माहीत?"

"आणि आजी?"

दादा गुडघे चोळू लागला.

"पत्र दिलं होतं मी तुझ्याकडं. आजी म्हणाल्या, मनाला लावून घेऊ नकोस. हे कोण म्हणालं, दादा?"

"तू जेवत नव्हतीस," तो म्हणाला. "तुला बरं वाटावं म्हणून सांगितलं."

हे ऐकून मात्र ती बसली. गाडीच्या पायरीवर. आगीचं खोटं एकवेळ तिला समजू शकत होतं, भित्रा माणूस काय वाट्टेल ते बोलतो. पण ज्या क्षमेवर डोकं टेकून ती इतकी वर्षं झोपली होती, तीही त्यानंच त्या संध्याकाळी तिच्या घरी येता येता रचलेली होती, आणि रचताना त्याला आपण बहिणीवर मायाच करतोय असं वाटलं होतं. अजूनही वाटत होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं. तिला त्याचाच जास्त राग आला.

भाचा जवळ येऊन उभा राहिला होता. वेल्डिंगवाला थांबला होता. रंगारी न वळताच म्हणाला, "मालक म्हणाले रंग मार, मी मारला, ताई. विचारलं नाही."

"बाबा, ती गाडी तर..." भाचा म्हणाला. त्यालाही आगीचीच गोष्ट माहीत होती. आत्यानं काम का सोडलं, तर तिच्या हातून गाडी जळाली, एवढं त्या घरातल्या कुत्र्यालाही माहीत होतं.

दादानं डोळे पुसले. उद्यापासून ये म्हणाला. तुझी जागा काढून देतो, पोराला समजावतो, हवं तर नवीन बसचं सगळं वायरिंग तूच कर. झालं ते झालं. आता काळ गेला, त्यावर किती दिवस कुढायचं.

वेणीताई उठली. तिचे हात अजून मळलेले होते, नखांत मातकट रंग होता. मास्तर आणि मास्तरीणबाई गाडीतच बसून होते, काचेआड, दुसरीकडं बघत.

"मला काम नको," ती म्हणाली. "तू रडूही नकोस. इतका वेळ बोललास, दादा, पण एक वाक्य काही तुझ्या तोंडातून निघालं नाही. ही सगळी माणसं इथं आहेत, तुझा मुलगा आहे. ती गाडी जळली नव्हती, एवढं यांच्यासमोर एकदा मोठ्यानं म्हण."